बासरी मात्र नाही

५ मार्च

ती. अप्पांस,
पिपाणीचा सा. न. वि. वि.

तुमची नात आज बारा दिवसांची झाली. वजन किती, केस किती, नाक कोणाचं हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं होतं, ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल. तुम्ही काही फोनवर आला नाहीत. आत्या म्हणाली, अप्पांचा सरस गरम आहे, हात सोडवत नाहीत. अप्पा, गेले सहा महिने मी जेव्हा जेव्हा फोन करते तेव्हा तुमचा सरस गरमच असतो. एवढा सरस लावून दुकानात कोणतं जहाज बांधताय ते एकदा कळवा.

आमच्याकडे सध्या कोणी कोणाचं ऐकत नाही. खाली ह्यांच्या दवाखान्यात दात कोरायचं मशीन घुर्र करतं, वर तुमची नात त्याला उत्तर देते. पेशंट घाबरून विचारतात, वर कोणाचा दात काढताय. हे म्हणतात, अजून आलेलाच नाही, काढणार कुठून.

आता मुद्द्याचं. जन्मनोंदणीच्या ऑफिसातून फॉर्म आलाय. आईचं नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं भरून झालं, फक्त बाळाच्या नावाचा रकाना रिकामा आहे. एकतीस तारखेपर्यंत मुदत. नाही दिलं तर तिथे नुसतं ‘मुलगी’ असं छापून येईल आणि पुढे बदलायला सतरा खेटे. तुम्ही मी एवढीशी असल्यापासून सांगत आलात की नातवंडाचं नाव तुम्ही ठेवणार, वाद्यावरूनच ठेवणार आणि आवाज ऐकून ठेवणार. माझ्या वेळीही ऐकूनच ठेवलं होतंत, आणि कागदावर चांगलं चार अक्षरी नाव असून मी जन्मभर पिपाणी झाले. माझ्या पोरीच्या वेळी जरा दमानं घ्या एवढीच विनंती.

दमानं घ्या पण वेळ लावू नका, कारण इकडे मामंजी टपून बसलेत. चाळीस वर्षं बँडमास्तर होते, त्यामुळे त्यांना हळू काही सुचतच नाही. पहिल्या दिवशी दुंदुभी म्हणाले. दुंदुभी म्हणजे मोठा नगारा, लढाई जिंकल्याची बातमी देणारा. सासूबाई म्हणाल्या, जिंकलंय कोण? दुसऱ्या दिवशी भेरी. तोही नगाराच. तिसऱ्या दिवशी तुतारी. मी झोपेचं सोंग घेतलं.

तर सोबत कॅसेट पाठवतेय. परवा सकाळी पोरगी मन लावून रडत होती तेव्हा ह्यांचा दवाखान्यातला रेकॉर्डर तिच्या पाळण्याला टेकवून भरून घेतली. आवाज कसा आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ऐका आणि ओळखा, कोणतं वाद्य. आणि मग नाव घेऊन स्वतः या. आई असती तर तिनं तुम्हाला हाताला धरून आणलं असतं. ती नाही, म्हणून मी कागदावरून ओढतेय.

इथे सगळे बरे. तुमचा लोभ मला नको, तो आता नातीच्या नावे करा.
तुमची,
पिपाणी


११ मार्च

चि. पिपाणीस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

जहाज नाही, एका शाळेची बारा व्हायोलिनं आली आहेत. पोरांनी त्यांची तलवारबाजी केलेली दिसते. चारांची मान मोडली आहे, तिघांच्या खुंट्या गायब आहेत आणि एकाच्या पोटात पेन्सिल सापडली. सध्या मला मान वर करायला फुरसत नाही. त्यातून गिऱ्हाइकं हल्ली फार पुटपुटतात. काय दुरुस्त करायचं ते तोंडातल्या तोंडात सांगून जातात आणि मग काम दोनदा करावं लागतं. तू फोन करत जाऊ नकोस. तारेत खरखर असते, आणि नाव ही फोनवर ठरवायची गोष्ट नव्हे.

कॅसेट मिळाली. तुझ्या आत्यासमोर लावली. तीन वेळा ऐकली, डोळे मिटून. काय आवाज आहे गं पोरीचा. स्वच्छ, पातळ, सरळ, मध्ये कुठे गाठ नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे तुला आत्या सांगेलच, म्हणून मीच सांगतो. ती बासरी आहे. शंकाच नको.

तेव्हा नावं घे. वेणू. वेणू म्हणजे आधी बांबू आणि मग बासरी, म्हणजे नाव एक आणि त्यात झाडही आलं, वाद्यही आलं. मुरली, पण ते मुलगे पळवतात. बन्सरी चांगलं आहे, हाक मारताना शेवटी तोंड हसरं होतं, आरशासमोर म्हणून बघ. वंशी म्हणजेही बासरीच, पण तुझी आत्या म्हणते ते वंशाला दिवा वगैरे म्हटल्यासारखं वाटतं, ते खोडलं.

उगाच पक्षपात नको म्हणून तारांची वाद्यंही बघितली. विपंची म्हणजे नऊ तारांची वीणा, नाव भारदस्त, पण शाळेत हजेरी घेताना बाई अडखळतील. वल्लकी म्हणजेही वीणाच, गोड आहे. महती ही नारदाची वीणा, त्यामुळे पोरगी इकडचं तिकडे सांगणारी निघेल. कच्छपी ही सरस्वतीची, पण अर्थ बघायला गेलं तर कासवी. चालायला उशीर करेल. परिवादिनी सात तारांची, पण ते नाव घेईपर्यंत पोरगी घराबाहेर पळालेली असेल.

प्रत्येक नाव मी तपासून घेतो. आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. दुकानाच्या कोपऱ्यात तंबोरा लावून ठेवायचा आणि त्याच्यासमोर नाव मोठ्यानं पुकारायचं. तारांना पटलं तर त्या आपणहून झंकारतात. वेणूला दोन तारा बोलल्या, वल्लकीला तीन. दुंदुभी म्हणून बघितलं तर शेजारचा शिंपी कात्री घेऊन धावत आला. व्याहीबुवांना माझा नमस्कार सांग आणि हे सांगू नकोस.

यायचं म्हणशील तर व्हायोलिनं झाल्यावर बघू. महिनाभर तरी जमेलसं दिसत नाही. तू यातलं एक नाव लिहून टाक, मी ठेवलं असं समज.

सुखी असा. लोभ जिथे आहे तिथेच आहे, तो काही सरस लावून चिकटवावा लागत नाही.
अप्पा

ता. क. जावईबापूंना विचार, पुढच्या दाताचा टवका उडाला तर काय करावं. कशानं उडाला ते विचारू नये.


१५ मार्च

ती. आत्यास,
पिपाणीचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुलाच लिहितेय. दुकानात फोन केला तर तू अप्पांसमोरून बोलशील, म्हणून लिहितेय. एकटीनं वाच.

काल ह्यांना शाळेत जायचं होतं. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या शाळेत जाऊन हे मुलांना दात कसे घासावेत ते सांगतात, आणि घसा बसला तर पंचाईत नको म्हणून त्यांनी ते सगळं एका कॅसेटवर भरून ठेवलंय. दवाखान्यात कॅसेट शोधली तर मिळेना. शेवटी रेकॉर्डर उघडला, तर आत माझ्या अक्षरात ‘बाळ’ लिहिलेली कॅसेट. म्हणजे बाळ इथेच आहे. मग अप्पांना काय गेलं?

आत्या, मी अप्पांना दात घासायची कॅसेट पाठवली. वरच्या दातांना वरून खाली, खालच्या दातांना खालून वर, आणि जीभ विसरू नका मुलांनो. अप्पांनी ती तीन वेळा डोळे मिटून ऐकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वच्छ, पातळ, सरळ, बासरी. हे ऐकून ह्यांना इतकं हसू आलं की ते खुर्चीवरून घसरले, आणि मलाही टाके दुखेपर्यंत हसू आलं. ह्यांना आजवर आवाजाबद्दल एवढं चांगलं कोणी म्हटलेलं नाही.

आणि मग हसता हसता मला रडू आलं. कारण अप्पांनी ती ऐकलीच नाही, हो ना? लावलीच नसणार. नुसतं गोड गोड लिहून पाठवलं. माझ्या पोरीचा आवाज पातळ नाहीच. तिच्यासारखा घोगरा, खरखरीत आवाज बाळंतपणाच्या दवाखान्यात कोणी ऐकला नव्हता. नर्सबाईंना वाटलं सर्दी झालीय, डॉक्टरांनी दोनदा घसा तपासला, काही नाही. आवाजच तसा. रडून थांबली तरी मागे काहीतरी झिणझिणत राहतं. म्हणून तर मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. मला वाटलं, अप्पा ऐकतील आणि उड्या मारतील.

त्यांना माझा राग आलाय का? मी इतकी लांब आले म्हणून? दुकान शिकले नाही म्हणून? बारा व्हायोलिनांसाठी माणूस पहिली नात बघायला येत नाही, हे मला पटत नाही. मला फार लागलंय आत्या. खरं काय ते लिही.

तुझ्या मायेवर माझा अजून विश्वास आहे, तो टिकवणं तुझ्या हातात.
पिपाणी


१९ मार्च

चि. पिपे,
आत्याचा आशीर्वाद आणि एक चापट.

तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात बसून मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले आणि कोण काय बोललं ते कधी बाहेर सांगितलं नाही. आज शपथ मोडतेय. ती माझ्या धाकट्या भावानं घातलेली आहे, आणि धाकट्यांच्या शपथा मोडायला मोठी बहीण असते.

अप्पाला ऐकू येत नाही. थोडं कमी वगैरे नाही, जवळपास काहीच नाही. दोन वर्षं हळूहळू जात होतं, गेल्या सहा महिन्यांत गेलंच. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून बरंच ओळखतो. पाठीमागून बोललं तर भिंत. म्हणून सरस गरम असतो. म्हणून लोक पुटपुटतात. काउंटरवर मी उभी राहते, गिऱ्हाइकाचं ऐकते आणि कागदावर लिहून आत देते. बाहेर कोणाला पत्ता नाही. मीही डॉक्टरांकडे चल म्हणून थकले. म्हणतो, बहिऱ्याकडे वाद्य कोण देईल, बोभाटा नको.

आता ती कॅसेट. मी ऐकायला बसले होते ना समोर. जावईबापू आले आणि ब्रश कसा धरावा ते सांगू लागले. मला वाटलं प्रस्तावना असेल. दहा मिनिटं मी बाळाची वाट बघत बसले. आणि समोर हा डोळे मिटून मान डोलावतोय, मध्येच वा म्हणतोय. जीभ विसरू नका मुलांनो, तिथे ह्यानं रुमाल काढला. मला हसावं की रडावं ते कळेना. पिपे, त्यानं खोटेपणा केला नाही गं. कॅसेट फिरताना त्याला दिसत होती, आत तू पाठवलेली नात आहे हे त्याला माहीत होतं, बाकीचं त्यानं मनानं ऐकलं. मी नुसती कॅसेट काढून डबीत ठेवली.

त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि एक एक शब्द सावकाश म्हणत विचारलं, की पोरीकडे का जात नाहीस. हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाला, “ज्या आजोबाला नातीचं रडू ऐकू येत नाही, त्यानं तिचं नाव कोणत्या तोंडानं ठेवायचं?” आणि दिवा घालवून वर गेला. एवढंच आहे. राग नाही, व्हायोलिनं नाहीत. त्याला तुझ्या घरी येऊन पाळण्याशेजारी भिंतीसारखं उभं राहायचं नाही.

बाकी डोकंही फिरलंय असं मला वाटू लागलंय. सूर लावायचा चिमटा असतो ना, गुडघ्यावर आपटला की वाजतो तो, तो हा दातात धरून बसतो. त्यानंच टवका उडाला. आणि तुझ्या नावांसाठी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हनुवटी टेकवून तासन्‌तास ओरडत असतो. परवा परिवादिनी म्हणताना चष्मा पडला.

तू कसंही करून त्याला बोलाव. पण मी सांगितलं हे कळू देऊ नकोस, नाहीतर महिनाभर माझ्याशी तोंड फिरवून बसेल, आणि तोंड फिरवलं की त्याच्याशी बोलायची सोयच राहत नाही.

पोरीला माझा पापा. लोभ वगैरे म्हणायचं माझं वय गेलं, तू समजून घे.
आत्या


२२ मार्च

ती. अप्पांस,
पिपाणीचा, तुमच्या नातीचा आणि एका रागावलेल्या दंतवैद्याचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ह्यांना दाखवलं. नावांना ह्यांनी मान डोलावली, पण ता. क. वाचून चेहराच बदलला. म्हणाले, पुढच्या दाताचा टवका म्हणजे पोरखेळ नव्हे. आत मूळ उघडं पडलं असेल तर जेवताना एक दिवस जीव जाईल. तुम्ही पत्रातून औषध मागितलंत, पण पत्रातून दात बघता येत नाही असं ह्यांच्या कॉलेजात शिकवलंय म्हणे. शनिवारी गाडीत बसा, रविवारी दवाखाना बंद असतो, खुर्ची मोकळी आहे. सासऱ्याचा दात ही जावयाच्या अब्रूची गोष्ट आहे, आणखी काय सांगू?

बासरीची नावं घरात सगळ्यांना आवडली. तरी एकदा समोर बसून बघा आणि मग ठरवा. मी तुमचीच मुलगी आहे, एका ऐकण्यावर नाव ठेवलं की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत?

आणि हो, मामंजींनी नवीन पेन घेतलंय. फॉर्म कपाटात ठेवला होता, तो आता त्यांच्या उशीखाली आहे. रविवारपर्यंत तुम्ही आला नाहीत तर सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच रकान्यात दुंदुभी लिहून येतो असं त्यांनी जाहीर केलंय. सासूबाई त्यांना अडवतील असं मला वाटलं होतं, पण त्या म्हणतात, नाव घेताना निदान झोप तरी उडेल.

अप्पा, थट्टा बाजूला ठेवून एक लिहिते. नाव नाही ठेवलंत तरी चालेल. नाव काय, कोणीही ठेवतं. मला माझी पोरगी तुमच्या मांडीवर बघायची आहे. तुम्ही काही बोलू नका, काही ओळखू नका, तंबोऱ्याला विचारू नका. नुसते या आणि बसा. मी आठवड्याची असताना मला भुशाच्या पोत्यावर झोपवून तुम्ही काम करायचात हे आई सांगायची. आमच्याकडे पोतं नाही, पण खुर्ची आहे.

माझा हट्ट पूर्वीइतकाच आहे, तो वाढू द्यायचा की नाही हे तुमच्या गाडीच्या तिकिटावर अवलंबून.
पिपाणी


२५ मार्च

चि. पिपाणीस,
आशीर्वाद.

दुंदुभी नको. तंबोऱ्यासमोर मी ते परत एकदा म्हणून बघितलं, एकही तार हलली नाही. व्याहीबुवांना म्हणावं, पेनाचं टोपण लावून ठेवा.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. दात दाखवून सोमवारी परत. तुझी आत्या तुला काही लिहिते की काय, असा मला संशय आहे, कारण तिकीट काढलं म्हटल्यावर ती माझ्या आधीच बॅग भरून बसली. माझीच.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. कागदावर ती नीट बसत नाही. समोर आल्यावर सांगेन, तेव्हा मला हसू नकोस, आणि रडूही नकोस.

प्रेम आहेच, बाकी भेटीत.
अप्पा


३१ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू पोरीला लिहिलंस. स्टेशनवरच कळलं. तिनं मला लांबून हाक मारली नाही, सरळ समोर येऊन उभी राहिली आणि मगच तोंड उघडलं. आणि उघडलं ते एवढं, की घसा दिसला. ‘प्रवास’ म्हणायला तिला अर्धं मिनिट लागलं. मी म्हटलं, अगं हळू, दोन-चार शब्द माझ्यासाठीही ठेव. तेव्हा ती रडली, मीही रडलो, आणि हमाल बॅग घेऊन निम्म्या रस्त्यात गेला. सांगायचं ते राहिलंच, त्याची गरज उरली नाही. तुझ्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, ते आता पुढच्या पत्रात बघू.

व्याहीबुवांशी माझं फार छान जमलं. जन्मभर कर्ण्याशेजारी उभे राहून ते स्वतः अर्धे बहिरे झालेत, हे त्यांच्या घरात सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. आम्ही दोन तास बसलो. दोघंही भरपूर बोललो, कोणीच काही ऐकलं नाही, आणि शेवटी दोघांचंही एकमत झालं. कशावर ते मला अजून कळलेलं नाही.

मग पोरगी आणली. ताई, तिचं तोंड अगदी लालबुंद, मुठी आवळलेल्या, गळ्याची शीर ताणलेली. पोटापासून रडत होती. आणि मला काही नाही. काहीच नाही. खिडकीच्या काचेपलीकडे कोणी रडावं तसं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसलो, छान आहे म्हणालो, आणि तिला परत दिली. मांडीवर घेतली नाही. रात्रभर पडून ठरवलं की पहिल्या गाडीनं परत जायचं. तुला म्हटलं होतं ना, कोणत्या तोंडानं नाव ठेवायचं, तेच खरं वाटत होतं.

सकाळी निघायच्या आत जावईबापूंनी धरून खुर्चीत बसवलं. गळ्याला तो प्लास्टिकचा टॉवेल बांधला, दिवा तोंडावर घेतला, आणि दात बघून खुणेनं विचारलं, हे कशानं. आता दंतवैद्यापासून दात काय लपवायचा? मी खिशातून चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा दातात धरून दाखवला. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, काही ऐकू येतं का? मी म्हटलं, येतं की, चिमट्याचा सूर येतो. त्यांनी लिहिलं, बाहेर हवेत धरला तर? मी म्हटलं, नाही येत. म्हणून तर चावतो. त्यात काय विचारायचं, तंबोऱ्यालाही मी हनुवटी लावूनच ऐकतो, ही धंद्यातली युक्ती आहे.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हातातला आरसा टाकून तसेच अनवाणी वर पळाले. मला वाटलं, दात फारच वाईट असेल.

खाली आले ते पिपाणीला आणि पोरीला घेऊन. पोरगी दूध मध्येच तोडल्यामुळे भयंकर संतापलेली. जावईबापूंनी काही न सांगता तिला माझ्या छातीवर उभी धरली, तिचं डोकं हातात घेतलं, आणि तिची कवटी माझ्या जबड्याच्या हाडाला, इथे कानाच्या खाली, घट्ट टेकवली.

ताई, मला ऐकू आलं.

टॉवेल गळ्यात, पाय वर, तोंडावर दिवा, अशा अवस्थेत मी माझ्या नातीचं रडणं ऐकलं. पातळ नाही, सरळ नाही. जाड, खरखरीत, भरलेलं. एक आवाज निघतो आणि त्यातून दहा उमलतात, आणि ती श्वासाला थांबली तरी मागे झिणझिणत राहतो. तुला माहीत आहे मी चाळीस वर्षं काय करतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती पट्टी घासत बसतो, केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे, तारेखाली धागा सरकवून बघतो, तार त्या हाडाला जेमतेम शिवेल अशी जागा सापडेपर्यंत. ती सापडली की मुकी तार अशी बोलायला लागते. दिवस दिवस जातात, कधी सापडते, कधी नाही. आणि ही पोरगी ते जन्मतःच घेऊन आली आहे. मी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि मोठ्यानं म्हणालो, “अगं, हिची जवारी लागलेली आहे!”

पिपाणी खाली फरशीवरच बसली. हसत होती की रडत होती ते बघायला मला वेळ नव्हता. दात तसाच राहिला. दुपारी जेवायला उठवलं तरी मी खुर्ची सोडली नाही. पोरगी रडायची थांबली, मग कण्हली, मग झोपेत काहीतरी गुणगुणली, ते सगळं मी ऐकलं. पापणी लवण्याचाही आवाज येतो की काय असं वाटत होतं.

आज ऑफिसात जाऊन नाव दिलं. जवारी. मुदतीचा शेवटचा दिवस, त्यामुळे मागे ही रांग. खिडकीतल्या बाईंनी ओठ हलवून अर्थ विचारला, आणि मी तो नीट सांगितला, धाग्यासकट. वीस मिनिटं लागली. रांगेतल्या एका गृहस्थांनी शेवटी टाळ्या वाजवल्या असं पिपाणी म्हणते, पण मी संपवलं म्हणून की अर्थ आवडला म्हणून, ते तिनं सांगितलं नाही. जावईबापूंना धास्ती आहे की शाळेत पोरं तिला धान्याचं पोतं म्हणून चिडवतील. पिपाणी म्हणाली, पिपाणीची मुलगी आहे, निभावून नेईल. व्याहीबुवांना नाव कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी माझा हात धरून सांगितलं की परवा दोन तास ते हेच म्हणत होते.

बुधवारी इथल्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. जावईबापू म्हणतात, आतलं सगळं शाबूत दिसतं, बाहेरून आवाज आत नेणारं एखादं चिमुकलं हाड आखडलं असेल, त्यावर उपाय असतात. मी जाईन. दुकानावर पाटी लाव की मालक एक महिना नातीकडे आहेत, आणि कोणी विचारलं तर खरं कारण सांग. बहिऱ्यानं लावलेले तंबोरे ज्यांना नको असतील त्यांनी नेऊ नयेत. शाळेची व्हायोलिनं मात्र चिमट्यावर मिळवलेली आहेत, ती बिनघोर दे. पेन्सिलही परत दे.

तू जन्मभर परक्या माणसांचे आवाज जोडून दिलेस. हाही तूच जोडलास. मी तुझ्यावर रागावणार होतो, ते राहू दे.

तुझ्या मायेला मी आजवर कधी धड ओ दिली नाही. आता हनुवटी टेकवून देईन.
तुझा धाकटा,
जवारीचा आजोबा

ता. क. ती पहिली कॅसेट पिपाणीनं आज लावली. मी रेकॉर्डरला जबडा टेकवून दोन्ही बाजू ऐकल्या. जावईबापू खरंच छान शिकवतात. जीभ विसरू नका म्हणतात तिथे मला परत भरून आलं. बासरी मात्र नाही.